सरपणासाठी बॅटरीची करवत: पैसे मोजण्याआधी काय बघायचं?



पऱ्हाट्या उपटून झाल्या, बांधावरच्या बाभळीची छाटणी झाली, की दर वर्षी आपली एकच घाई असते. मृग लागायच्या आत सरपण कोरड्या जागी पडलं पाहिजे. २०१६ पासून उज्ज्वलातून आपल्यातल्या अनेकींच्या घरी गॅस आला, पण चूल काही विझली नाही. अंघोळीचं पाणी, भाकरी, लग्नकार्याचा स्वयंपाक हे अजून लाकडावरच होतं. आणि ते लाकूड आणायचं, तोडायचं, रचायचं काम बहुतेक घरांत आपल्याच वाट्याला येतं.

म्हणूनच हल्ली बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो: "ताई, ते बॅटरीवरचं लाकूड कापायचं मशीन गटात घ्यावं का? मोबाईलवर तर स्वस्तात दिसतंय."

आमच्या ओळखीच्या एका गटाने असं मशीन मागवलंही. खोक्यावर मोठ्या अक्षरात '८८ व्होल्ट' लिहिलेलं. पहिले काही आठवडे मजेत गेले. मग बॅटरी पाच मिनिटांत बसायला लागली. चेन बोथट झाली, तर तशी दुसरी चेन कुठल्याच दुकानात मिळेना. आज ते मशीन खुंटीला टांगलेलं आहे आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू आहेत. त्या ताया काही अडाणी नव्हत्या. काय बघून घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेच या लेखात सांगायचा प्रयत्न आहे.

आधी आपल्या चुलीकडे बघा

मशीनच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपण जाळतो काय?

आपल्या जिल्ह्यात कापूस आणि तूर भरपूर. पैठण, गंगापूर, सिल्लोड, फुलंब्री, कुठेही जा, चुलीपाशी पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या दिसणारच. यांना चेनसॉ लागत नाही. उलट अशी बारीक लवचीक काडी चेनमध्ये अडकते आणि फटकन हातावर किंवा तोंडावर बसते. पऱ्हाटीला कोयता, नाहीतर पायाखाली मोडणं, हेच बरं.

चेनसॉ कामाची आहे ती मनगटाएवढ्या आणि त्याहून जाड लाकडाला. बांधावरची बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, वादळात पडलेली फांदी, किंवा मोसंबीची जुनी बाग काढली की निघणारे बुंधे. असं लाकूड तुमच्याकडे वर्षातून किती वेळा येतं, ते मोजा. दोनच वेळा येत असेल तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने माणूस आणि मशीन बोलावणं स्वस्त पडतं.

आणखी एक गोष्ट. चेनसॉ लाकडाचे आडवे तुकडे करते, उभं फोडत नाही. चुलीत मावेल अशी ढलपी करायला कुऱ्हाड आणि पाचर लागणारच. तेव्हा कुऱ्हाड मोडीत काढू नका! पण फूट-सव्वा फुटाचे सारखे तुकडे आधी पडले की फोडायचं काम निम्म्याने हलकं होतं. कंबरेला खरा आराम मिळतो तो इथे.

बाजारात काय काय मिळतं?

१) छोटी हातकरवत. पाती ४, ६ किंवा ८ इंचाची. बॅटरीसकट वजन साधारण एक ते दीड किलो. फांद्या छाटायला, मनगटाएवढं लाकूड कापायला चांगली.

२) मोठी बॅटरीची चेनसॉ. पाती १० ते १६ इंच. वजन चार-पाच किलोपर्यंत. दोन्ही हातांनी धरायची. ओंडके कापायला हीच.

३) वायरची विजेवरची चेनसॉ. बॅटरीचा खर्च नाही, म्हणून याच ताकदीच्या बॅटरीवाल्यापेक्षा स्वस्त. पण अंगणापलीकडे जाता येत नाही, आणि वायर चेनखाली येऊ न देण्याचं भान ठेवावं लागतं. सगळं लाकूड घरी आणूनच तोडत असाल तर हिचा विचार जरूर करा.

४) पेट्रोलची चेनसॉ. ताकद भरपूर, दिवसभर चालते. पण पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळायचं, दोरी ओढून चालू करायची, धूर आणि आवाज सोसायचा. रोज लाकूडतोडीचा धंदा करणाऱ्याचं ते साधन आहे. घरच्या सरपणासाठी जास्तच होतं.

गंमत बघा, बॅटरी आणि वीज हा काही नवा शोध नाही. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी आपली पहिली चेनसॉ बनवली ती विजेवरचीच होती, आणि ती चालवायला दोन माणसं लागायची. आज तेच काम एका बाईच्या हातात आलंय. फक्त योग्य मशीन निवडायचं.

बॅटरीचं गणित: मोठ्या आकड्याला भुलू नका

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

या बॅटरीत लिथियमच्या कांड्या असतात, पेन्सिल सेलपेक्षा थोड्या मोठ्या. एका कांडीचा सर्वसाधारण दाब ३.६ व्होल्ट. पूर्ण चार्ज झाली की ४.२. पाच कांड्या एकामागे एक जोडल्या की ५ गुणिले ३.६ म्हणजे १८ व्होल्ट, आणि पूर्ण चार्जला ५ गुणिले ४.२ म्हणजे २१ व्होल्ट. म्हणजे '१८ व्होल्ट' आणि '२१ व्होल्ट' हे बहुधा एकच असतं! एकाने नेहमीचा आकडा लिहिला, दुसऱ्याने चढा. ३६ आणि ४० व्होल्टचंही तसंच. मग हातात मावणाऱ्या स्वस्त बॅटरीवर '४८', '८८', '९८' असं काही लिहिलेलं दिसलं, तर ते नुसतं नाव समजा. चार्जर उलटा करून बघा. त्यावर बारीक अक्षरात '२१ व्होल्ट' लिहिलेलं सापडलं की खरं काय ते कळलं.

दुसरा आकडा अँपिअर-अवरचा, 'एएच'. व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर, एएच म्हणजे टाकीत पाणी किती. दोन्हींचा गुणाकार केला की बॅटरीत खरी शक्ती किती ते कळतं, त्याला वॅट-अवर म्हणतात.

१८ व्होल्ट, २ एएच: १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-अवर.
१८ व्होल्ट, ४ एएच: ७२ वॅट-अवर.
३६ व्होल्ट, ५ एएच: १८० वॅट-अवर.

आता छोट्या करवतीची मोटर लाकडात शिरल्यावर ४०० वॅट ओढते असं धरलं, तर ३६ वॅट-अवरची बॅटरी सलग कापायला पाच-साडेपाच मिनिटंच पुरेल. ऐकायला कमी वाटतं ना? पण मनगटाएवढं ओलं लाकूड कापायला काही सेकंद लागतात, आणि मध्ये आपण लाकूड उचलतो, ठेवतो, तेव्हा मोटर बंदच असते. म्हणजे एका चार्जिंगमध्ये एक चांगली मोळी निघते. जास्त काम असेल तर दोन बॅटऱ्या हव्यातच. एक चालू, एक चार्जिंगला.

विजेच्या बिलाची काळजी नको. ७२ वॅट-अवरची बॅटरी दहा-बारा वेळा चार्ज केली तेव्हा कुठे एक युनिट जळतं. खरा खर्च विजेचा नाही, बॅटरी जुनी झाल्यावर नवी घेण्याचा आहे. म्हणून मशीन घेतानाच विचारा: "नुसती बॅटरी वेगळी मिळते का? केवढ्याला?" याचं सरळ उत्तर मिळालं नाही, तर दुकान बदला.

एकाच कंपनीची एक बॅटरी फवारणी पंप, ड्रिल, गवत कापायचं मशीन अशा अनेक साधनांना बसते. गटाकडे आधीच असं काही असेल तर त्याच कंपनीची बिनबॅटरीची चेनसॉ बघा. बराच पैसा वाचेल.

मोटर 'ब्रशलेस' असेल तर चांगलं. तिच्यात घासणारे कार्बन नसतात, त्यामुळे कमी तापते, बॅटरी कमी खाते आणि जास्त टिकते.

पाती, चेन आणि तेल

पातीची लांबी लाकडापेक्षा दोनेक इंच जास्त असावी. सहा इंची पातीने चार इंची लाकूड आरामात कापतं. बहुतेक घरच्या सरपणाला ६ ते ८ इंची पुरते. ओंडके असतील तर १२ इंची. १६ इंचीचा मोह नको. पाती लांब झाली की वजन वाढतं, बॅटरी लवकर संपते आणि हात थकतो. थकलेल्या हातानेच अपघात होतो.

चेनचे दात नीट बघितलेत का? एक डावीकडे, एक उजवीकडे. अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी निरखली. ती डावी-उजवीकडे कुरतडत पुढे सरकते. त्यावरून त्याने असे दात घडवले. म्हणूनच धार लावताना दोन्ही बाजूंच्या दातांना सारखेच हात मारायचे. एका बाजूला जास्त घासलं तर करवत तिरकी पळते.

धार गेली हे कसं ओळखायचं? कापताना ढलप्या, कीस पडत असेल तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला, मशीन दाबावं लागलं, की थांबा. गोल कानस घ्या. कुठल्या मापाची, ते चेनच्या माहितीपत्रकात असतं.

दुकानदाराकडून तीन आकडे कागदावर लिहून घ्या: चेनची पिच, जाडी आणि खालच्या कड्यांची संख्या. हे तिन्ही जुळले तरच दुसरी चेन बसते. सोबत एक जादा चेन घेऊनच घरी या.

तेल हवंच. चेन कोरडी चालली तर पाती झिजते, तापते, बॅटरी लवकर संपते. मोठ्या मशीनमध्ये तेल आपोआप सुटतं, छोट्यांमध्ये बरेचदा हाताने थेंब टाकावे लागतात. गाडीचं जळकं काळं ऑइल अजिबात वापरू नका. ते उडून हातातोंडाला लागतं आणि कातडीला घातक असतं.

दुकानात गेल्यावर

मशीन हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि जी ताई मशीन चालवणार आहे, तिनेच ते हातात घ्यायचं. घरच्या दादांनी नाही. बॅटरी लावून एक मिनिट तसंच धरून उभ्या राहा. मनगट भरून येतं का? मुठीत पकड बसते का? बोट खटक्यापर्यंत सहज पोचतं का? पुष्कळशी मशीनं पुरुषाच्या पंजाच्या मापाची असतात. आपल्या हाताला न बसणारं मशीन घेतलं की ते चार दिवसांत दादांच्या हातात जातं, आणि आपण पुन्हा कुऱ्हाडीकडे.

हे बघून घ्या:

- खटक्याला कुलूप-बटण आहे का? एकाच वेळी दोन बटणं दाबल्याशिवाय चेन फिरता कामा नये.
- मोठ्या चेनसॉला पुढे हाताचं कवच आणि चेन-ब्रेक आहे का? १० इंचाच्या वरचं मशीन ब्रेकशिवाय घेऊच नका.
- छोट्या करवतीला वरून झाकण आहे का?
- खटका सोडला की चेन लगेच थांबते का?
- चेन ताणायची सोय सोपी आहे का?
- पक्कं बिल, वॉरंटी कार्डावर शिक्का, आणि दुरुस्ती कुठे होते त्याचा पत्ता मिळतो का? दुरुस्ती छत्रपती संभाजीनगर शहरात होत असेल तर ठीक. मशीन कुरिअरने दुसऱ्या राज्यात पाठवावं लागत असेल तर दहा वेळा विचार करा.

वापरताना: बोटं परत उगवत नाहीत

बॅटरीचं मशीन हलकं आणि कमी आवाजाचं असतं, म्हणून ते खेळणं वाटतं. पण चेन ती चेनच. पातळ हातमोजा तिला काही अडवत नाही.

कपडे. शेतात आपण साडीवर शर्ट घालतो तसा घाला, बाह्यांच्या गुंड्या लावा. पदर खोचून शर्टाच्या आत. ओढणी काढून ठेवा. केस बांधा. मंगळसूत्र आत घ्या, बांगड्या शक्यतो उतरवा. डोळ्यांना चष्मा आणि पायात बंद बूट. चपलेवर काम करायचं नाही.

उसळी. पातीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यात तोंडाकडे उसळतं. इतकं झटक्यात की आपल्याला आवरायला वेळच मिळत नाही. म्हणून टोकाने कधीच कापू नका. पातीच्या मधल्या भागाने कापा, आणि डोकं पातीच्या रेषेत न ठेवता थोडं बाजूला ठेवा.

दुसरा हात. छोट्या करवतीचे अपघात बहुधा डाव्या हातालाच होतात. उजव्या हातात मशीन आणि डाव्या हाताने फांदी धरलेली. असं करू नका. लाकूड ठेवायला फुलीच्या आकाराची लाकडी घोडी करून घ्या. गावातला सुतार करून देतो.

लाकूड दाबतं कुठे ते बघा. दोन्ही टोकांना टेकलेला ओंडका मध्ये वरून कापला तर तो खाली दबतो आणि पाती चिमटीत अडकते. अशा वेळी वरून थोडं कापून उरलेलं खालून कापा. एक टोक हवेत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून.

खांद्याच्या वर मशीन उचलायचं नाही, शिडीवर चढून कापायचं नाही. उभं झाड पाडणं हे आपलं काम नाही, ते जाणकाराला द्या. कुंपणाच्या झाडात खिळे, तारा असतात, आधी तपासा. चेन ताणताना, साफ करताना, अडकलेली काडी काढताना बॅटरी आधी बाहेर. लेकरं आणि शेरडं लांब. आणि एकटीने काम करायचं नाही, हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं.

बॅटरी सांभाळा. आपला उन्हाळा चाळीसच्या पार जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नका. काम झालं की गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आधी सावलीत थंड होऊ द्या. चार्जर तिचाच वापरा, आणि रात्रभर लावून झोपू नका. चार महिने काम नसेल तर अर्धी चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, फोडायची नाही, चुलीत तर मुळीच टाकायची नाही.

कापा, पण कायद्यात राहून

मशीन आपलं, रान आपलं, म्हणून कुठलंही झाड तोडता येत नाही. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. बाभूळ, सुबाभूळ त्या यादीत नाहीत, तरी लाकूड गाडीत घालून दुसरीकडे न्यायचं असेल तर आधी वनरक्षकाला विचारा.

कन्नड, सोयगावकडच्या तायांनी जास्त जपायला हवं. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथे मशीन घेऊन पाऊलही टाकू नका. वन कायद्याप्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं हत्यार जप्त होतं. म्हणजे एकीच्या चुकीने सगळ्या गटाचं मशीन जाईल.

गटाचा हिशोब

एक उदाहरण करून बघू. आकडे मानलेले आहेत, तुम्ही दुकानातले खरे भाव घाला.

समजा मोठं मशीन, दोन बॅटऱ्या, जादा चेन आणि चष्मे मिळून २०,००० रुपये. चार वर्षं टिकेल असं धरलं, तर वर्षाला ५,०००. चेन, तेल, धार, किरकोळ दुरुस्ती वर्षाला ३,०००. एकूण ८,०००, कर्जाचं व्याज वेगळं.

वर्षात ४० दिवस मशीन चाललं तर दिवसाला २०० रुपये पडले. दहाच दिवस चाललं तर ८०० रुपये. मशीन तेच, किंमत तीच, फरक फक्त वापराचा. म्हणून एका गटाने मोठं मशीन घेण्यापेक्षा ग्रामसंघाने घ्यावं आणि सगळ्या गटांना भाड्याने द्यावं, हे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं. छोटी करवत मात्र एक गट सहज पेलू शकतो.

घ्यायचं ठरलं तर ठराव लिहा. मशीन कुणाकडे राहील, भाडं किती, चेन तुटली तर कोण भरणार, शिकल्याशिवाय कुणी चालवायचं नाही, आणि भाड्यातून दर वेळी काही रक्कम नव्या बॅटरीसाठी बाजूला. ही शेवटची ओळ विसरू नका. बॅटरी एक दिवस जाणारच आहे, आणि त्या दिवशी पैसे नसले की मशीन खुंटीला लागतं.

थोडक्यात

नुसती पऱ्हाटी-तुराटी जाळत असाल तर मशीन नको. बांधावरच्या फांद्या असतील तर ६ ते ८ इंची छोटी करवत आणि दोन बॅटऱ्या. दर वर्षी बाभळीचे, मोसंबीचे ओंडके निघत असतील तर ब्रेकवालं १२ इंची मशीन, तेही ग्रामसंघातून. अंगणातच काम असेल तर वायरचंही बघा.

आणि एक शेवटचं. बाभूळ ओली असतानाच कापा. वाळलेली बाभूळ लोखंडासारखी होते, बॅटरी खाते आणि चेन बोथट करते. ओली कापा, फोडा, हवा खेळेल अशी रचा, आणि पूर्ण वाळल्यावरच चुलीत घाला. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उडवतं, मगच भाकरी भाजतं, आणि तो सगळा धूर आपल्या डोळ्यांत, छातीत जातो. वेळेवर कापलेलं सरपण म्हणजे पुढच्या पावसाळ्यात कमी धूर.

पुढच्या बैठकीला हा अंक सोबत न्या, मोठ्याने वाचा, आणि मगच हात वर करून ठराव करा.